सतरा नंबरचे जवाई

अमरावतीहून बडनेऱ्याकडे जाताना, कधीच बंद पडलेल्या एका कापसाच्या जिनिंगच्या मागच्या भिंतीला चिकटून एक गल्ली आहे. तिला नाव असं कोणी दिलं नाही. 'जिनिंगमागची गल्ली' म्हटलं की ऑटोवाला बरोबर आणून सोडतो. एकतीस घरं. काही विटांची, काही टिनाची, दोन-चार अजून निम्मी ताडपत्रीची. दिवसाआड नळ येतो, म्हणून प्रत्येक दारात एक निळा ड्रम आणि ड्रमवर उपडं घातलेलं गंज-पातेलं. या एकतिसांपैकी एकाच घराला परवापर्यंत नंबर होता. ते घर म्हणजे जिनिंगच्या चौकीदाराची खोली. नगरपालिकेच्या काळात कोणीतरी तिच्या चौकटीवर निळी पाटी ठोकून गेलं होतं, तिच्यावर पांढरा आकडा, १७. जिनिंग बंद पडली, मालक निघून गेला, चौकीदार वारला, पण पाटी जागची हलली नाही.

या खोलीत उत्तमराव खेरडे राहतात. वय सहासष्ट. अंगाने काटक, स्वभावाने ताठ, आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे ढकलण्यात पटाईत. गल्लीत त्यांना कोणी उत्तमराव म्हणत नाही. शाळेत जाणाऱ्या पोरापासून ऐंशीच्या मैनाबाईपर्यंत सगळे त्यांना 'जवाई' म्हणतात, आणि याला कारणही उत्तमरावच.

चाळीस वर्षांपूर्वी चौकीदाराच्या एकुलत्या एक मुलीशी, गोदावरीशी, त्यांचं लग्न झालं. उत्तमराव चांदूर रेल्वेजवळच्या एका खेड्यातले, माळ्याचे. भावाचं थोडं वावर होतं, त्यात सांबार, म्हणजे कोथिंबीर, आणि मेथी व्हायची. सासरे थकलेले होते, त्यांनी हात जोडून म्हटलं की इथेच राहा. उत्तमरावांनी पुष्कळ आढेवेढे घेतले आणि शेवटी एक अट घातली, मला कोणी घरजवाई म्हणायचं नाही. अट मान्य झाली. कोणी 'घर' म्हटलं नाही. दुसऱ्या दिवसापासून सगळी गल्ली त्यांना नुसतं जवाई म्हणू लागली.

हे त्यांना फार लागलं. पहिली दोन वर्षं तर हाक आली की ते मानही वळवत नसत. रोज पहाटेच्या पॅसेंजरने गावी जायचं, भावाच्या वावरातला सांबार, मेथी, पालक गठ्ठे बांधून आणायचा, हातगाडीवर घालून दुपारपर्यंत विकायचा, असा त्यांचा क्रम होता. कोणी विचारलं की सांगत, आपण काय इथले नाही, दोन-चार वर्षं काढू आणि वावरात जाऊ. आणि हे नुसतं सांगून ते थांबले नाहीत. रेशनकार्डावरचं नाव त्यांनी गावातून हलवलं नाही. मतदान गावात. पुढे आधार आलं, तेही गावच्या पत्त्यावर काढलं. सासऱ्याच्या खोलीचा पत्ता आपल्या नावापुढे लागू द्यायचा नाही, ही त्यांची जिद्द होती. गोदावरीचं नावही त्यांनी गावच्याच कार्डात चढवलं. ती हसायची. म्हणायची, झोपायचं इथं अन् राहायचं तिथं, हे फक्त तुम्हालाच जमतं.

आता गंमत अशी, की ज्या पत्त्याला उत्तमराव आयुष्यभर हात लावायला तयार नव्हते, तो पत्ता सगळ्या गल्लीने वापरला.

सुरुवात मैनाबाईपासून झाली. मैनाबाई शेजारची, फुलं विकणारी. तिच्या मुलाला, सूर्यभानला, अकोल्याच्या एका कारखान्यात कामासाठी अर्ज करायचा होता आणि अर्जात पत्ता भरायचा होता. पोस्टमन गल्लीत शिरत नसे. घराला नंबर नाही तर पत्र कुठे टाकू, असं त्याचं म्हणणं. मैनाबाई कागद घेऊन उंबऱ्याशी उभी होती. गोदावरी सडा टाकत होती. ती तशीच वाकलेली असताना बोलली.

"लिहा ना आमचा नंबर, माय. सतरा लिहा. नंबर काय झिजून राहिला का?"

नंबर झिजला नाही, पण ते गल्लीभर पसरलं. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत शाळेचे दाखले, मतदार यादी, बँकेची पासबुकं, गॅस, लग्नपत्रिका, जे जे म्हणून पत्ता मागतं त्या सगळ्यावर गल्लीने घर नंबर सतरा लिहिलं. पोस्टमनचीही सोय झाली. तो मुख्य रस्त्यावरून एकदाच आत यायचा, गठ्ठा गोदावरीच्या बाजेवर ठेवायचा आणि माठातलं पाणी पिऊन जायचा.

दोन वाजता उत्तमराव गाडी लावून परत येत. जेवत. मग चष्मा चढवून बाहेर येत. दारापुढे जिनिंगच्या जुन्या वजनकाट्याचा एक मोठा दगड पडलेला होता, त्यावर उभे राहून ते एकेका पत्रावरचं नाव पुकारत. नाव पूर्ण, बापासकट. तहसीलमधला शिपाई पुकारतो त्या थाटात. ज्याचं नाव निघे तो कणकेचे नाहीतर साबणाचे हात कपड्याला पुसत धावत येई. ज्यांना वाचता येत नसे ते तिथेच पायरीवर बसत आणि उत्तमराव त्यांना पत्र वाचून दाखवत. अख्ख्या गल्लीची सुखदुःखं आधी त्यांच्या डोळ्यांखालून गेली. सूर्यभानला काम लागल्याचं त्यांनी वाचलं. पंक्चरवाल्या धर्मेंद्रच्या बापाला पेन्शन नाकारल्याचंही त्यांनीच वाचलं, आणि त्या दिवशी ते एवढे भडकले की जणू अर्ज त्यांचाच होता.

एकदा तेल्हाऱ्याहून मैनाबाईला पत्र आलं. उत्तमरावांनी पाकीट फोडलं, दोन ओळी मनात वाचल्या आणि घडी घातली. मैनाबाईला विचारलं, जेवली का? ती म्हणाली, नाही अजून. तर म्हणाले, पत्र मोठं आहे, आधी जेवून ये. मैनाबाई गेली, भाकर खाल्ली, ताट घासून आली. मग त्यांनी तिला सांगितलं की तिची बहीण गेली. पुढचे दोन दिवस तिच्या पोटात अन्न गेलं नाही. मैनाबाई अजून ही गोष्ट सांगते आणि सांगताना दर वेळी डोळ्याला पदर लावते.

लोक पत्र घेऊन जायचे, पाकीट पायरीवरच टाकून जायचे. गोदावरी ती पाकिटं गोळा करायची. माळ्याघरची सून, तिला बियाणं ठेवायला कागद लागायचा. वाल, भेंडी, दोडके, झेंडू, सदाफुली. खोलीमागच्या चार हात जागेत आणि फुटक्या बादल्यांमध्ये ती हे सगळं लावायची, बी धरायची, वाळवायची, पाकिटात भरून मागच्या बाजूला पेन्सिलीने नाव लिहायची आणि पाकीट पत्र्याच्या पेटीत टाकायची. मृगाच्या आधी गल्लीतल्या बाया यायच्या, ती जिला जे हवं ते मूठभर द्यायची आणि पाकीट परत पेटीत. त्यांना मूलबाळ झालं नाही. त्याचं दुःख गोदावरीने कधी बोलून दाखवलं नाही, पण पेटी उघडून बसली की ती तासन्‌तास उठत नसे.

सहा वर्षांपूर्वी गोदावरी गेली. दवाखान्यात शेवटचा फॉर्म भरताना बाबूने पत्ता विचारला आणि उत्तमरावांनी सवयीने गावचा सांगितला. जी बाई या खोलीत जन्मली, याच खोलीत चौतीस वर्षं संसार केला, तिच्या दाखल्यावर ती भलत्याच गावची निघाली. तिसऱ्या दिवशी हे त्यांच्या ध्यानात आलं. तेव्हापासून त्यांनी ती पेटी उघडली नव्हती.

पत्रंही तोवर आटलीच होती. कुरिअरवाला चौकातून फोन करतो आणि ज्याचं सामान तो चौकात जाऊन घेतो. दगड होता तिथेच होता, त्यावर आता कोणाची तरी सायकल टेकलेली असे. उत्तमराव दोन वाजता जेवून बाहेर येत, सायकलकडे बघत आणि आत जात.

मग गेल्या वर्षीच्या दिवाळीनंतर मोजणी आली. गल्लीची जागा ज्याच्या-त्याच्या नावावर करून देणार, पट्टे मिळणार, असं ठरलं. समाजमंदिरात टेबल लागलं आणि टेबलामागे अद्वैत नावाचा एक तरुण बसला. कंत्राटावरचा, पण कामाचा आणि शांत बोलणारा. अट साधी होती. ठरलेल्या सालाच्या आधीपासून इथे राहत असल्याचा कागद दाखवा. लोकांनी आनंदाने कागद नेले. अद्वैतने दिवसभर नोंदी केल्या, संध्याकाळी डोकं धरलं आणि उत्तमरावांना बोलावणं पाठवलं.

"काका," तो म्हणाला, "कॉम्प्युटरवर या गल्लीत एकच घर आहे. सतरा नंबर. आणि त्यात तीस कुटुंबं राहतात."

तो पुढे म्हणाला की वरचे साहेब एका घराला एकच पट्टा देतील. तीस घरं कागदावर नाहीतच. लोकांकडे आजची कार्डं-पासबुकं आहेत, पण ती पुन्हा पुन्हा नवी काढलेली, त्यांवर जुनी तारीख नाही. ठरलेल्या सालाआधीची ज्याच्या नावाची एखादी खूण या पत्त्यावर निघाली, तर कोणती खोली कोणाची ते तो मोजून घेईल. यादी शुक्रवारी बंद होणार होती.

बातमी गल्लीत पोचायला चहा उकळण्याएवढाही वेळ लागला नाही. पंक्चरवाला धर्मेंद्र, ज्याच्या बापाच्या पेन्शनसाठी उत्तमराव भांडायला गेले होते, तोच चारचौघांत बोलून गेला की आपल्या नावांवर जवाईचं घर पक्कं झालं आणि आपण राहिलो उघडे. मैनाबाईने त्याला झापलं. पण बोललेलं उत्तमरावांच्या कानावर गेलंच. दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडी काढली नाही. मेथी दारात सुकून गेली.

त्यानंतरच्या दिवशी सकाळी, गोदावरीची पाकिटं आठवली तशी, त्यांनी पेटी ओढून बाहेर आणली. मैनाबाई आली, तिची नात हर्षा आली. हर्षा नर्सिंगला आहे, तिने पहिलं पाकीट उचलून उलटं केलं तर हातात भेंडीचं बी सांडलं. पुढच्या बाजूला सूर्यभानचं नाव, घर नंबर सतरा, आणि तिकिटावर पोस्टाचा काळा शिक्का, सालासकट. तिने दुसरं उचललं, तिसरं उचललं. सगळ्यांवर शिक्के.

गोदावरीची एक जुनी साडी अंथरून त्यांनी बियाणं त्यावर रिकामं केलं. उत्तमरावांना आधी वाटलं होतं की एकेक बी वेगळं ठेवू. पण पाकिटं शेकडो होती आणि माणसं दारात जमायला लागली होती. वाल, दोडके, झेंडू, सगळं एकात एक झालं. एका पाकिटामागे पेन्सिलीने लिहिलं होतं, 'पांढरा वाल, यांना आवडते'. ते वाचून उत्तमराव उठून आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले तेव्हा त्यांनी कोणाचीशी सायकल बाजूला केली आणि दगडावर चढले. पुन्हा तोच थाट, पुन्हा बापासकट नावं. माणसं हात पुसत धावत आली. सत्तावीस घरांच्या खुणा निघाल्या. उरलेली तीन अलीकडची, त्यांचा प्रश्न निराळा. धर्मेंद्रच्या बापाच्या नावाची चार पाकिटं निघाली. त्याने खाली मान घालून घेतली. उत्तमरावांनी पुढचं नाव पुकारलं.

अद्वैतने पाकिटांच्या झेरॉक्स घेतल्या, मूळ परत दिली, नावं यादीत चढवली. गुरुवारी दुपारी सत्ताविसावं नाव झालं. मग त्याने वर पाहिलं आणि उत्तमरावांना त्यांचा कागद मागितला.

उत्तमरावांनी पिशवीतून रेशनकार्ड काढलं, आधार काढलं, मतदान कार्ड काढलं. अद्वैतने तिन्ही पाहिली, पुन्हा पाहिली. खोलीचं विजेचं मीटर अजून मेलेल्या सासऱ्याच्या नावावर होतं. त्याने विचारलं, तुमच्या नावाचं या पत्त्यावर एखादं जुनं पत्र? उत्तमरावांनी आठवायचा प्रयत्न केला. पहाटे गावाला जाणाऱ्या माणसाला पत्र कोण लिहिणार? भाऊ रोज भेटायचा. चाळीस वर्षं साऱ्या गल्लीची पत्रं त्यांच्या दारात आली, त्यांत एकही त्यांना आलेलं नव्हतं.

"काका, कागदावर तुम्ही इथे राहतच नाही," अद्वैत हळू आवाजात म्हणाला. त्यालाच ते बोलणं जड गेलं.

उत्तमराव घरी आले आणि पायरीवर बसले. भांडायला कोणी नव्हतं. 'मी इथला नाही' हे तेच चाळीस वर्षं सांगत होते, कागदानेही फक्त तेच सांगितलं. गावात आता भाऊ नव्हता, वावर पुतण्याकडे होतं, घरात मधोमध भिंत पडली होती आणि भिंतीच्या कोणत्याही बाजूला त्यांची बाज मावत नव्हती. ही खोली सुटली तर जायला जागा नव्हती. पण त्याहून त्यांना दुसरंच बोचत होतं. या गल्लीवर त्यांचा जीव होता आणि हे त्यांनी एकदाही, गोदावरीजवळसुद्धा, कबूल केलं नव्हतं.

इकडे मैनाबाई आपलं पाकीट पदरात बांधून हिंडत होती. तेल्हाऱ्याहून आलेलं, बहिणीच्या दुःखाचं. तिला अक्षर येत नव्हतं. चहा ठेवता ठेवता तिने हर्षाला म्हटलं, यावर काय काय लिहिलंय ते एकदा सगळं वाच. हर्षाने वाचलं, मैनाबाई अमुक अमुक, द्वारा उत्तमराव खुशालराव खेरडे, घर नंबर सतरा, जिनिंगमागे, अमरावती. मैनाबाईने चहा तसाच उतू जाऊ दिला आणि नातीला घेऊन पायरीशी आली.

"जवाई, तुमी दगडावर उभे राहून फक्त वरचं नाव वाचत गेले," ती म्हणाली. "खालचं कोनं वाचावं? आमी तं आडानी. पोरी, वाच वं याइले."

हर्षाने वाचलं. उत्तमरावांनी पाकीट हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं. नंतर दुसरं मागितलं. शेजाऱ्याने आपलं दिलं. त्यावरही तेच. ते पत्ते त्यांनी हजारदा हाताळले होते, पण पत्र कोणाचं आहे एवढंच त्यांना बघायचं असे, ते कळलं की डोळे खाली जातच नसत. हर्षाने आणि अद्वैतनेही नाव, नंबर आणि शिक्का एवढंच पाहिलं होतं.

शुक्रवारी सकाळी समाजमंदिराचं कुलूप निघायच्या आधी गल्ली तिथे हजर होती. पाकिटं उत्तमरावांच्याच मेथीच्या टोपलीत भरलेली, आणि टोपली धर्मेंद्रच्या डोक्यावर. अद्वैत एकेक पाकीट काढून टेबलावर लावत गेला. टेबल भरलं तेव्हा त्याने खुर्चीवर लावली. सगळ्यांत जुनं एकोणीसशे शहाऐंशीचं होतं. तो हसून म्हणाला की एवढा पुरावा असलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि अठ्ठाविसावं नाव लिहून त्याने यादी बंद केली.

पट्ट्यांना पुढे सात महिने लागले. दरम्यान प्रत्येक घरावर नव्या पांढऱ्या पाट्या लागल्या. मोजणी गल्लीच्या दुसऱ्या टोकापासून झाली, त्यामुळे सतरा नंबर कुण्या भलत्याकडेच गेला आणि उत्तमरावांच्या वाट्याला एकतीस आला. जुनी निळी पाटी त्यांनी काढू दिली नाही. साडीवरचं मिसळलेलं बियाणं त्यांनी पावसाळ्यात बादल्यांमध्ये टाकलं होतं. बरंचसं मेलेलं निघालं, पण दोन वेल वर आले आणि दिवाळीपर्यंत त्यांनी दोन्ही पाट्या झाकून टाकल्या. शेंगा धरल्या तेव्हा कळलं, पांढरा वाल होता.

नवा पोस्टमन पट्ट्यांच्या रजिस्टर पत्रांचा गठ्ठा घेऊन आला तो एका दुपारी. त्याला जुनं काही ठाऊक नव्हतं. पाट्या बघत, सह्या घेत तो घरोघर फिरला. उत्तमराव दारात बसून बघत होते. आता कोणाचं नाव पुकारायची गरज उरली नाही, हे त्यांना समजलं आणि त्यांना वाईट वाटलं. बरं झालं असं मनात म्हणत होते, तरी वाईट वाटलंच.

उत्तमरावांच्या घराची सही, पोस्टमन शेजारी असतानाच, हर्षाने करून टाकली आणि त्यांचं पाकीट स्वतःजवळ ठेवलं. आणि मग मैनाबाई आपलं पाकीट न फोडता घेऊन आली आणि पायरीवर ठेवून दिलं. मागून धर्मेंद्र आला, त्याने ठेवलं. त्यामागून सगळे. गठ्ठा झाला आणि सगळे आपापल्या दारात जाऊन उभे राहिले.

उत्तमरावांनी चष्मा लावला आणि दगडावर चढले. एकेक नाव घेत गेले, बापासकट. माणसं आपल्याच घरी आलेली पत्रं घ्यायला हात पुसत धावत आली. हर्षा गठ्ठ्यातून पुढचं पाकीट हातात देत होती आणि त्यांचा आवाज चढत चालला होता. शेवटचं पाकीट आलं. त्याच तंद्रीत त्यांनी खणखणीत पुकारलं, "उत्तमराव खुशालराव खेरडे!" आणि हात पुढे करून, कोण येतं ते बघत, गल्लीच्या टोकापर्यंत नजर टाकली.

कोणी आलं नाही. मैनाबाई दगडाजवळ गेली, त्यांच्या हातातलं पाकीट घेतलं आणि दोन्ही हातांनी त्यांनाच परत दिलं.

उत्तमराव खाली उतरले. पायजम्याला हात पुसले. चाळीस वर्षं लोक ज्या पायरीवर बसत आले तिथे बसले, आणि पाकीट हर्षाकडे केलं.

"तूच वाच, बाई," ते म्हणाले. "पत्त्यापासून वाच."